जांभ्या मातीतले समज कुंडीत कसे तपासावेत

गोव्यात परसबाग करणाऱ्या मराठी वाचकाच्या वाट्याला येणारा बराचसा सल्ला घाटावरच्या मातीवर बेतलेला असतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत पुष्कळदा चुनखडी असते आणि तिचा सामू (म्हणजे pH; सातच्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) बहुधा सातच्या वर जातो. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅश खाली वाहून जातात, आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे असलेली तांबडी, आम्लधर्मी जांभी माती उरते. एका मातीत खरा ठरलेला सल्ला दुसरीत निरुपयोगी, क्वचित घातकही होतो. म्हणून ऐकलेली गोष्ट आपल्याच मातीत तपासून पाहणे बरे. त्यासाठी ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि आठ सारख्या कुंड्या एवढे साहित्य पुरते.

सुरुवात अशा एका चाचणीपासून करू, जी स्वतःच एक गैरसमज आहे. मातीवर व्हिनेगर ओतावे, फेस आला तर माती अल्कधर्मी. खाण्याचा सोडा टाकावा, फेस आला तर आम्लधर्मी. आणि दोन्हींत काही झाले नाही तर माती उत्तम, असे सांगितले जाते. व्हिनेगरने फेस येतो तो मातीत मोकळा चुना असल्यामुळे, आणि जांभ्या मातीत तो जवळजवळ नसतोच. सोड्याने दिसण्याजोगा फेस यायला मात्र मातीत दिसते त्यापेक्षा कितीतरी तीव्र आम्ल लागते. त्यामुळे साडेपाच सामूची माती दोन्ही परीक्षांत गप्प राहते आणि ‘उत्तम’ ठरते. खरी मोजणी करायची तर सावलीत वाळवून चाळलेली २० ग्रॅम माती ५० मिलिलिटर शुद्ध पाण्यात घालून अर्धा तास अधूनमधून ढवळावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरच्या पाण्यात पट्टी बुडवावी. साडेपाच आणि साडेसहा यांत फरक एकाचाच दिसला, तरी या मोजपट्टीवर तो दहापटीचा असतो.

कोणतेही खत किंवा घरगुती उपाय तपासायचा असेल, तर चाचणीचे झाड म्हणून तांबडी भाजी निवडावी. ती लवकर उगवते, महिनाभरात काढणीला येते आणि तिचे बी गोव्यात कोणत्याही बाजारात मिळते. सगळी माती एकाच ढिगात नीट कालवून आठ कुंड्यांत सारख्या वजनाने भरावी. चिठ्ठ्या टाकून त्यांपैकी चार कुंड्या निवडाव्यात, त्यांना उपाय द्यावा आणि उरलेल्या चार तशाच ठेवाव्यात. चिठ्ठ्या टाकणे काही जणांना पोरकट वाटते, पण आपण हाताने निवडायला लागलो की चांगल्या उन्हातली कुंडी नकळत आपल्या आवडत्या उपायाच्या वाट्याला जाते. रोपे उगवली की प्रत्येक कुंडीत सारख्या उंचीची पाच ठेवून बाकीची उपटावीत, पाणी मापाने घालावे आणि तीन-चार दिवसांनी कुंड्यांच्या जागा अदलाबदल कराव्यात. अठ्ठाविसाव्या दिवशी रोपे मातीलगत कापून लगेच वजन करावे. कोणत्या कुंडीला काय घातले होते हे माहीत नसलेल्या घरातल्या माणसाने ते केले तर अधिक चांगले.

कुंड्या आठच का, याचे उत्तर रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाच्या चहाच्या गोष्टीत आहे. तो १९१९ साली रॉथॅमस्टेडच्या शेती प्रयोगकेंद्रात रुजू झाला. कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळते, असा दावा तेथील एका बाईने केला, तेव्हा दोन्ही प्रकारांचे चार-चार असे आठ कप तिच्यापुढे ठेवावेत आणि आधी दूध ओतलेले चार तिने ओळखावेत अशी परीक्षा फिशरने मांडली. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात, म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. कुंड्यांनाही हेच गणित लागू पडते. उपाय दिलेल्या चारही कुंड्यांची भाजी उरलेल्या चारींपेक्षा जड भरली, तर ते योगायोगाने घडण्याची शक्यता सत्तरात एकच राहते. वजने एकमेकांत मिसळली असतील, तर उपाय उपयोगी पडला असे म्हणता येत नाही, मग एखादी कुंडी कितीही डोळ्यांत भरणारी असो.

गोव्यात सर्वांत जास्त नुकसान करणारा समज माझ्या मते कुंडीच्या तळाशी फुटक्या कौलांचा किंवा जांभ्याच्या खड्यांचा थर घालण्याचा आहे. या थराने पाण्याचा निचरा होतो असे सगळेच सांगतात, आणि पावसाळ्यात सज्जातल्या कुंड्यांची मुळे कुजली की दोष पावसावर जातो. हे तपासायला आधी भांडी घासण्याचा एक आयताकृती स्पंज पुरेसा आहे. तो पाण्यात भिजवून आडवा धरावा, ठिबकणे पूर्ण थांबू द्यावे आणि मग अरुंद बाजूवर उभा करावा. पुन्हा पाणी ठिबकू लागते. स्पंज तोच आणि पाणीही तेच, फक्त उंची वाढली. पाणी धरून ठेवणाऱ्या वस्तूच्या तळाशी एक चिंब पट्टा कायम उरतो, आणि तो पट्टा किती जाड असेल हे वस्तूच्या छिद्रांवर ठरते, तिच्या खाली काय आहे यावर नाही.

आता हीच गोष्ट मातीत पाहावी. दोन लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्यांचे वरचे तोंड कापून तळाला सारखीच भोके पाडावीत. एकीत २० सेंटिमीटर माती भरावी. दुसरीत ५ सेंटिमीटर कौलांचे तुकडे आणि त्यावर १५ सेंटिमीटर तीच माती. खालून पाणी वाहीपर्यंत दोन्हींत पाणी घालावे, वरून झाकण ठेवावे आणि एक दिवस थांबावे. नंतर वरून तीन-तीन सेंटिमीटरचे थर चमच्याने काढून प्रत्येकाचे ओले वजन लिहावे, कडक उन्हात ते पूर्ण वाळवावेत आणि पुन्हा तोलावेत. दोन्हींत सर्वांत ओला थर मातीच्या तळाशीच सापडतो, फक्त दुसऱ्या बाटलीत तो तळ मुळांकडे ५ सेंटिमीटर वर सरकलेला असतो. बारीक छिद्रांतले पाणी वरची माती पाण्याने पूर्ण भरेपर्यंत मोठ्या पोकळीत उतरत नाही, हे त्याचे कारण. भोकावर माती अडवण्यासाठी कौलाचा एकच तुकडा ठेवायला हरकत नाही; थर मात्र नको.

अंड्याच्या टरफलांचे प्रकरण लवकर संपते. ती जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट असतात, तेव्हा सारख्या वजनाचे तुकडे आणि पूड सारख्याच व्हिनेगरमध्ये घालून कोण आधी विरघळते ते पाहावे. व्हिनेगर मातीपेक्षा कितीतरी तीव्र असूनही मोठे तुकडे रेंगाळतात, मग मातीत त्यांना किती काळ लागेल याची कल्पना येते. आपली माती आम्लधर्मी असल्याने मिक्सरमधून काढलेली पूड मात्र हळूहळू कामी येते. टोमॅटोच्या बुडाला पडणाऱ्या काळ्या डागावर टरफले घालण्यापेक्षा पाणी नियमित देणे बहुधा अधिक उपयोगी ठरते, कारण अनेकदा कॅल्शियम मातीत असते, पण पाण्याच्या चढउतारामुळे फळापर्यंत पोहोचत नाही. चुलीच्या राखेचा समज आपल्याकडे बराच खरा आहे, कारण राख सामू वर नेते आणि पोटॅशही देते. घाटावरच्या चुनखडीच्या जमिनीत तीच राख अडचण करील. मात्रा आठ कुंड्यांच्या पद्धतीने ठरवावी आणि आधी-नंतर सामू मोजावा.

माडाच्या बुंध्यात मीठ घालण्याची जुनी चाल सुशिक्षित लोक हसण्यावारी नेतात, आणि तिथे ते चुकतात. क्लोरीन हे वनस्पतींना आवश्यक असलेले अन्नद्रव्य आहे हे १९५४ साली सिद्ध झाले, आणि माडाला ते इतर बहुतेक पिकांपेक्षा जास्त लागते. किनाऱ्यावरच्या माडांना ते खाऱ्या वाऱ्यातून मिळते. सत्तरी-सांगेसारख्या आतल्या भागात मीठ घालण्याला काही अर्थ असू शकतो. माडाला म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड हे खत) देणाऱ्याने मात्र वेगळे मीठ घालण्याची गरज नाही, कारण त्या खतात जवळजवळ निम्मे क्लोरीनच असते. हा प्रयोग माडावर करायला वर्षे लागतील, पण इतर झाडांना मीठ का देऊ नये हे चार दिवसांत दिसते. मुगाचे दाणे तीन बशांत ओल्या फडक्यावर ठेवावेत: एकीत साधे पाणी, दुसरीत लिटरला ५ ग्रॅम मीठ, तिसरीत १५ ग्रॅम. चौथ्या दिवशी पट्टीने मुळे मोजावीत आणि मगच मिरचीच्या वाफ्यात मीठ टाकायचे की नाही ते ठरवावे.

प्रयोगशाळेत माती द्यायची असेल, तर राख किंवा चुना घालण्याआधी, शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत, वाफ्यातल्या आठ-दहा जागांहून १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतचा काप घ्यावा, सगळे एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो माती सावलीत वाळवावी आणि स्वच्छ कापडी पिशवीत भरावी. खताच्या रिकाम्या पिशवीत मात्र ती भरू नये. आत चिकटलेले चार दाणे सगळा अहवाल फिरवतात.