जुना व्हॉल्व्हचा रेडिओ घरी आणलात? या चुका टाळा

महिन्याला एक तरी फोन येतोच. "काका, माळ्यावर आजोबांचा रेडिओ सापडला. लावून बघितला. थोडा वेळ छान वाजला, मग धूर आला." पुढचं मला सांगावं लागत नाही. वीसेक वर्षं व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचे काचेच्या नळ्यांवर चालणारे, सेट दुरुस्त करतोय. माळ्यावर पडून मेलेले रेडिओ फार कमी बघितले. बहुतेक मरतात ते माळ्यावरून खाली उतरल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत. साठ वर्षं तग धरलेली वस्तू आपल्या उतावळेपणाने जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवतोय.

चूक पहिली आणि सगळ्यात महाग: थेट प्लग लावणे

रेडिओत अ‍ॅल्युमिनियमच्या डबीतले फिल्टर कंडेन्सर असतात. त्यांच्या आतल्या पत्र्यावर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो आणि तो थर व्होल्टेज मिळत राहिलं तरच शाबूत राहतो. सेट वीस-तीस वर्षं बंद पडला की थर कमजोर होतो. अशा कंडेन्सरवर एकदम अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी आले की तो गरम होतो आणि फुटतो, नाहीतर शॉर्ट होतो.

कोकणातल्या एका घरी गणपतीला सगळं गणगोत जमलं होतं. थोरल्या काकांनी आजोबांचा सेट हौसेने पुसला, ओटीवर मांडला आणि बटण फिरवलं. डायल उजळली. मिनिटभराने आवाज आला, पोरांनी टाळ्या पिटल्या. पाच मिनिटं झाली आणि आवाजात घूंऽऽ असा घुमारा मिसळायला लागला. कुणी म्हणालं, जुना आहे, चालायचंच. मग डांबर तापल्यासारखा वास आला, आणि प्लग काढेपर्यंत ट्रान्सफॉर्मरमधून मेण ठिबकत होतं.

माझ्याकडे आला तेव्हा मागचं झाकण काढलं आणि आधी फ्यूज बघितला. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे तीन पदर पिळून बसवलेले. कधीतरी फ्यूज उडाला असणार आणि कुणीतरी वेळ मारून नेली असणार. कंडेन्सर शॉर्ट झाला तेव्हा खरं तर फ्यूजने जायचं होतं. तो जाऊ शकला नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर गेला. रिवाइंडिंगवाल्याने तो एकेक थर उकलत, वेढे मोजत नव्याने गुंडाळला. तीन आठवडे गेले. सेट आज वाजतो, पण कागदी पट्टीवर हाताने आकडे लिहिलेला तो मूळचा ट्रान्सफॉर्मर परत येणार नाही.

माझी पद्धत अशी. आधी झाकण काढून नुसतं बघायचं. उंदराचं घरटं, झुरळांची घाण, तुटलेली वायर, फ्यूज. मग मागची व्होल्टेजची पट्टी. ११०, १२७, २२०, २४५ असे आकडे असतात, मी नेहमी सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवतो. मग सेट सिरीज बोर्डवर लावायचा, म्हणजे साध्या साठ वॅटच्या बल्बमधून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायचं, उजळलेलाच राहिला तर लगेच बंद. इथे एलईडी बल्ब चालत नाही. तारेचाच बल्ब हवा. आता मिळायला कठीण झालाय, म्हणून मी चार जपून ठेवलेत.

डिमरस्टॅटवर, म्हणजे मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर, व्होल्टेज हळूहळू वाढवा, असंही लोक सांगतात. पण ईझेड ८० सारखा रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा, व्हॉल्व्ह पुरेसा तापल्याशिवाय पुढे डीसी देतच नाही. तुम्ही सावकाश मूठ फिरवत बसता, कंडेन्सरला मात्र बराच वेळ काही मिळत नाही, आणि मग बरंचसं एकदम मिळतं. मी सरळ नवे कंडेन्सर घालतो. जुनी डबी पोकळ करून नवे तिच्या आत बसवतो, वरून काही कळत नाही. आणि कृपा करून "मोठा म्हणजे चांगला" म्हणत २२० मायक्रोफॅरड घालू नका. ईझेड ८० नंतरचा पहिला कंडेन्सर पन्नासच्या वर गेला की चालू करताना व्हॉल्व्हवर नको इतका भार येतो.

तो एक कंडेन्सर

सेटमधला एकच भाग बदलायची परवानगी मिळाली तर मी कपलिंग कंडेन्सर बदलेन. स्पीकर वाजवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या, म्हणजे ईएल ८४ किंवा ईएल ४१ च्या, ग्रिडला (करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीला) जाणारा तो छोटा मेणकागदाचा तुकडा. बहुधा ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा. तो गळायला लागला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, आतली प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर तुटतो. सेट तापला की गळती वाढते, म्हणून सुरुवातीला सगळं झकास वाटतं. दहा-पंधरा रुपयांचा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर घाला. "वाजतोय ना, मग कशाला?" असं विचारणाऱ्यांना मी मीटरची तार ग्रिडवर लावून दाखवतो.

चॅसी जिवंत असू शकते

यात मी गय करत नाही. यूसीएच ४२, यूएल ४१, यूवाय ४१ अशी "यू"ने सुरू होणारी नावं व्हॉल्व्हवर दिसली, तर तो सेट एसी-डीसी दोन्हींवर चालणारा. त्यात मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि सगळे भाग जिच्यावर बसवलेले असतात ती पत्र्याची चॅसी मेन्सच्या एका वायरलाच जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की पूर्ण चॅसीवर २३० व्होल्ट. नॉबमधला बारीक स्क्रूसुद्धा मग जिवंत.

हल्ली मुलं मागच्या पिकअपच्या, म्हणजे रेकॉर्डप्लेअर जोडायच्या, भोकांत वायर घालून मोबाइल जोडतात आणि जुन्या रेडिओवर नवी गाणी वाजवल्याचा व्हिडिओ टाकतात. "ई"च्या व्हॉल्व्हचा, ट्रान्सफॉर्मरवाला, नीट तपासलेला सेट असेल तर ठीक. "यू"च्या सेटवर हे करणं म्हणजे हातातला मोबाइल थेट मेन्सला जोडणं. मी असा सेट मेन्सपासून वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय टेबलावर घेत नाही, आणि चालू सेटमध्ये कधी दोन्ही हात घालत नाही. एक हात खिशात. सेट बंद केल्यावरसुद्धा कंडेन्सर एका रेझिस्टरमधून रिकामा करायचा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नाही.

डायलची काच

यावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती दुरुस्त होत नाही.

माझ्या हातातला दुसराच सेट होता, माझ्या आत्याचा. आत्या रोज सकाळी स्वयंपाक करताना रेडिओ सिलोन लावायची. शॉर्टवेव्हवर काटा केसभर हलला तरी स्टेशन जायचं, म्हणून तिने काचेवर २५ मीटरच्या पट्ट्यात लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला होता. काटा ठिपक्यावर आणला की सिलोन. बुधवारी रात्री गीतमाला ऐकायला आळीतल्या बायका यायच्या, तेव्हा काटा लावायचा मान आत्याचा.

आत्या गेल्यावर सेट माझ्याकडे आला. मी आतलं सगळं काम मन लावून केलं, कंडेन्सर बदलले, आवाज स्वच्छ आणला. शेवटी काच बाहेर काढली. तिच्यावर चुलीच्या धुराचा पिवळा थर होता. काच पुसायचा निळा फवारा मारला, मागून-पुढून, आणि फडका फिरवला. पिवळेपणा गेला. त्याच्याबरोबर दिल्ली गेली, मद्रास गेलं, लाहोर गेलं. मीटरचे आकडे फडक्यावर सोनेरी डागांसारखे उमटले होते. पुढच्या बाजूचा लाल ठिपका मी त्याआधीच ब्लेडने खरवडून काढला होता, डाग समजून. आतेबहिणीने सेट बघितला, आवाज ऐकला, आणि विचारलं, "आईचा ठिपका कुठे गेला?"

तर, स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात. साठ वर्षांनी तो रंग काचेवर नुसता टेकलेला असतो. साधं पाणीसुद्धा त्याला पुरतं. मागच्या बाजूला मी आता फक्त मऊ कोरडा ब्रश फिरवतो, तोही नावांपासून दूर. पुढची बाजू किंचित ओलसर मलमलने पुसतो, आणि पुसण्याआधी तिच्यावर कुणी काही खूण केलीय का ते घरच्यांना विचारतो. त्याच्याही आधी उजेडात काचेचे दोन्ही बाजूंनी फोटो. काही बिघडलंच तर त्या फोटोंवरून स्क्रीन प्रिंटिंगवाला नवी काच छापून देऊ शकतो. दिसायला बरी होते, पण ती नवी काच असते.

व्हॉल्व्हवरच्या नंबरांचंही तसंच. पुसले की गेले. फिके झाले असतील तर काचेवर तोंडाची वाफ सोडा, क्षणभर दिसतात.

बाकीच्या, थोडक्यात

वाजत नाही म्हणून आधी व्हॉल्व्ह विकत घेऊ नका. व्हॉल्व्ह बहुधा ठीकच असतो. त्याच्या डोक्यावरची आरशासारखी झाक पांढरी पडली असेल तर मात्र आत हवा शिरली, तो गेला.

आयएफच्या (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सीच्या) डब्यांमधले स्क्रू फिरवून "ट्यूनिंग सुधारू" नका. कारखान्यात ते ४५५ किलोहर्ट्झ किंवा तिच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सीवर लावलेले असतात. सिग्नल जनरेटर नसेल तर त्यांना हात लावू नका. आतला फेराइटचा गोळा एकदा तडकला की तासन्‌तास जातात.

डायलची दोरी तुटली तर मासेमारीची नायलॉन तार घालू नका, ती ताणते आणि घसरते. तुटण्याआधीच दोरी कोणत्या चाकावरून किती वेढे घेते त्याचं चित्र काढून ठेवा.

स्पीकर सुटलेला असताना सेट चालू करू नका.

लाकडी पेटी पॉलिश पेपरने घासू नका. वरचा सागाचा पापुद्रा कागदाइतका पातळ असतो, आणि खाली प्लायवूड.

आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांनी काढलेली चॅसी मात्र मागून घेतो. अशा सात पडून आहेत, एकेकीतून दुसरा सेट उभा राहतो.

मागच्या झाकणात पोस्टाचं लायसन्सचं पुस्तक सापडलं तर फेकू नका. त्यात तिकिटं असतात, वर्षं असतात, कधी मालकाचं नाव असतं. सेट घरात कधी आला ते तेच पुस्तक सांगतं.

"खरखर येते, बाकी काही नाही"

सगळं नीट करूनही हा फोन येतो. निम्म्या वेळा रेडिओत काहीच दोष नसतो. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वायफायचा अडॅप्टर, सगळे मीडियमवेव्हवर खरखर सोडतात. एकेक बंद करत जा आणि ऐका. उरलेल्या निम्म्यांत एरियलच लावलेली नसते. या सेटना एरियल लागते. पूर्वी घराघरांत छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची, ती उगाच नव्हती. आठ-दहा मीटर साधी वायर खिडकीबाहेर सोडलीत तरी फरक कळेल. "यू"चा सेट असेल तर वायर फक्त एरियलच्या भोकातच, अर्थच्या नाही.

आणि स्टेशन सापडत नाही म्हणणाऱ्यांनी डायल पुन्हा बघावी. पुष्कळ सेटवर किलोहर्ट्झ नसतात, मीटर असतात. तीन लाखांना किलोहर्ट्झने भागा. आकाशवाणीचं पुणे ७९२ वर, म्हणजे डायलवर ३७९ च्या जवळ. मुंबईचं अस्मिता ५५८, म्हणजे ५३८ च्या आसपास, पट्टीच्या अगदी टोकाला. काटा तिथे न्या, आणि मग सावकाश, केसभर इकडे, केसभर तिकडे.