आशियातलं मोठं शहर पारखायचं कसं? फिरायला जाणाऱ्यांसाठी आणि राहायला जाणाऱ्यांसाठी

टोकियो, सोल, सिंगापूर, बँकॉक, तैपेई, हाँगकाँग यातलं कुठलंही शहर घ्या, नेटवर 'हे बघा, ते बघा'च्या याद्या ढिगाने सापडतात. टॉवर, मॉल, देवळं, रात्रीचे बाजार सगळं असतं त्यात, आणि ते बघाच, पण शहर खरंच चांगलं आहे का हे त्यातून कळत नाही. ते कळतं ज्याच्याकडे गाडी नाही त्याचा दिवस तिथे कसा जातो त्यावरून. शाळेत एकटं जाणारं पोर, भाजी घेऊन परत येणारी आजी, रात्रपाळी करून घरी निघालेला माणूस, यांना जे शहर नीट वागवतं तिथे पाहुणा पण मजेत राहतो. मी कुठल्याही शहराकडे असंच बघतो, आणि कसं बघायचं ते खाली सांगतोय.

पहिली गोष्ट म्हणजे हॉटेल प्रेक्षणीय स्थळाजवळ नको, स्टेशनजवळ घ्या. उतरल्या उतरल्या तिथलं ट्रान्सपोर्ट कार्ड काढा, टोकियोत सुईका किंवा पास्मो, सोलमध्ये टी-मनी, तैपेईत ईझीकार्ड, हाँगकाँगला ऑक्टोपस. ऑक्टोपस तर १९९७ पासून आहे आणि ते बस, ट्रेन, फेरी, दुकान सगळीकडे चालतं त्यामुळे सुट्ट्या पैशांची कटकटच संपते. मग काही न ठरवता नुसतं फिरा. टोकियोत यामानोते लाइनचा पूर्ण फेरा मारा, साधारण साडेचौतीस किलोमीटरची गोल लाइन, ३० स्टेशनं, तासाभरात जिथून निघालात तिथे परत. यातल्या बऱ्याच स्टेशनांभोवती एकेक स्वतंत्र गावच वसलंय, बाजार वेगळा, माणसं वेगळी, आणि म्हणून एवढं अवाढव्य शहर असूनही तिथे राहणाऱ्याला सगळं हाताशी वाटतं. याच लाइनवरच्या शिंजुकू स्टेशनला उतरणार असाल तर एक्झिट कुठली ते आधी बघून ठेवा कारण तिथे दोनशेच्या वर एक्झिट आहेत आणि चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर पंधरा वीस मिनिटं सहज जातात.

एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बदली करताना काय होतं ते नीट बघा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सोलमध्ये २००४ साली बसची सगळी सिस्टिमच बदलली. त्याआधी खासगी बसवाले एकाच कमाईच्या रूटवर एकमेकांशी शर्यत लावायचे आणि बाकीचे भाग कोरडे. मग शहराने रूट आपल्या हातात घेतले, बसना रंग दिले, निळी लांब जाणारी, हिरवी जवळची, लाल उपनगरातून येणारी, आणि भाडं अंतरावर ठरवलं. म्हणजे बसमधून मेट्रोत आणि मेट्रोतून परत बसमध्ये बसलात तरी दरवेळी पहिल्यापासून भाडं लागत नाही, फक्त उतरताना कार्ड टॅप करायला विसरायचं नाही. ज्या शहरात बदली केल्याचा दंड बसत नाही तिथे लोक लांब स्वस्तात राहून पण शहरात काम करू शकतात. शेवटची गाडी किती वाजता हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्या, टोकियोत मध्यरात्रीच्या आसपास ट्रेन बंद होतात त्या पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होतात.

आता चालणं. टोकियोच्या आतल्या गल्ल्यांना बऱ्याचदा फूटपाथच नसतो, तरी चालायला इतकं छान वाटतं, का? कारण गल्लीत गाड्या उभ्या नसतात. जपानमध्ये १९६२ पासूनचा कायदा आहे, गाडी घ्यायची तर ती ठेवायला स्वतःची जागा आहे हे आधी पोलिसांकडून लिहून आणायचं, आणि रात्रभर रस्त्यावर गाडी सोडता येत नाही. एवढ्या एका नियमाने गल्ली माणसांना परत मिळाली, पोरं एकटी शाळेत जाताना दिसतात, दाराबाहेर लोक कुंड्या मांडून बसलेत. सिंगापूरमध्ये ऊन आणि पाऊस दोन्ही कडक, तर तिथे एमआरटी म्हणजे मेट्रोच्या स्टेशनापासून बस स्टॉपपर्यंत आणि पुढे बिल्डिंगपर्यंत छप्पर घातलेल्या वाटा आहेत, धो धो पाऊस असला तरी माणूस बऱ्यापैकी कोरडा घरी पोचतो. हाँगकाँगला डोंगरउतारावर घरं, म्हणून १९९३ मध्ये खालच्या सेंट्रल या ऑफिसांच्या भागापासून वरच्या मिड-लेव्हल्स या वस्तीपर्यंत ८०० मीटरहून लांब सरकते जिने टाकले, सकाळी लोक कामाला खाली उतरतात तेव्हा ते खाली जातात आणि दहानंतर दिशा बदलून वर. सकाळी नऊला तिथे जाऊन उभे राहा, ऑफिसवाल्यांचा लोंढा खाली वाहत असतो, आणि अकराला त्याच जागी माणसं आरामात वर चाललेली असतात.

एक सोपी परीक्षा सांगतो जी कुठेही करता येते. फूटपाथवर आणि स्टेशनात त्या उठावाच्या पिवळ्या फरश्या असतात ना, अंध माणसांना पायाने किंवा काठीने वाट कळावी म्हणून, त्या सेइइची मियाके नावाच्या जपानी माणसाने १९६५ मध्ये शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. आज त्या जगभर दिसतात. नवीन शहरात गेलात की त्या पिवळ्या पट्टीवरून शेपाचशे पावलं चालून बघा. ती सरळ क्रॉसिंगपर्यंत, बस स्टॉपपर्यंत, लिफ्टपर्यंत नेते का? की मध्येच विजेचा खांब, मध्येच दुकानाचा बोर्ड, मध्येच कोणाची तरी स्कूटर, आणि मग पट्टीच गायब? दहा मिनिटांत शहराचा कारभार समजतो.

बँकॉकमध्ये मात्र वेगळं डोकं लावावं लागतं. तिथे सोई म्हणजे आतल्या गल्ल्या खूप लांब असतात आणि बऱ्याच पुढे बंद, त्यामुळे नकाशावर हॉटेल स्कायट्रेनच्या जवळ दिसतं पण प्रत्यक्षात गल्लीतून बाहेर यायलाच घाम निघतो. गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जॅकेट घातलेले मोटरसायकल टॅक्सीवाले उभे असतात, लोक त्यांनाच धरून मेन रोडपर्यंत येतात, तुम्हीही तेच करा, हेल्मेट मागून घ्या. आणि सेन सेप कालव्यातली बोट चुकवू नका. ही टुरिस्टची बोट नाही, ऑफिसला जाणाऱ्यांची आहे, धक्क्याला नुसती टेकते, लोक उडी मारून चढतात, कडेला बसलेले पाणी उडू नये म्हणून प्लास्टिकचा पडदा दोरीने वर ओढतात, आणि तिकीट देणारी व्यक्ती बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत येते. वर रस्त्यावर ट्रॅफिक थिजलेलं असतं आणि तुम्ही खालून निघून जाता. हनोईत रस्ता ओलांडायचा तर एकाच संथ वेगाने चालत राहा, धावू नका, मागे पाऊल घेऊ नका, स्कूटरवाले तुमचा अंदाज घेऊन बाजूने जातात.

खाण्याचं म्हणाल तर दुपारी बारा एकला आसपासचे नोकरदार कुठे रांग लावतात ते बघा आणि तिथे उभे राहा, यापेक्षा चांगला रिव्ह्यू नाही. सिंगापूरची हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याच्या छोट्या गाळ्यांच्या जागा, याबाबतीत मला सगळ्यात आवडतात कारण ती आपोआप झालेली नाहीत. साठच्या दशकाच्या शेवटापासून ऐंशीच्या दशकापर्यंत सरकारने रस्त्यावरच्या विक्रेत्यांना लायसन्स दिलं, नळ आणि गटाराची सोय असलेल्या जागा बांधून तिथे हलवलं, हाकलून नाही दिलं. २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. तिथे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे असं समजा, आणि जेवण झालं की ट्रे स्वतः परत ठेवायचा, २०२१ पासून ते सक्तीचं आहे. शाकाहारी असाल तर तैपेईत चिंताच नाही, बौद्ध लोकांमुळे शाकाहारी जेवणाची दुकानं भरपूर. बँकॉकमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं शोधा, तिथे कांदा लसूणही नसतो. पण जपानमध्ये नुसत्या भाज्या दिसल्या म्हणून खाऊ नका, रश्शात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतोच, आधी विचारा.

पाणी टोकियो, सोल, सिंगापूर, हाँगकाँगला नळाचं चालतं, बँकॉक, हनोई, जकार्तात बाटलीचं घ्या. टोकियोत रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतातच, पिशवी जवळ ठेवा.

मोकळ्या जागा बघायला सकाळी सहाला जा, तेव्हा शहरातले म्हातारे तिथे असतात आणि जिथे म्हातारे रोज येतात ती बाग खरी. सोलमधला चंग्येचन ओढा आवर्जून बघा. त्यावर आधी काँक्रीट आणि वर उड्डाणरस्ता होता, तो २००३ पासून पाडायला घेतला आणि २००५ मध्ये जवळपास सहा किलोमीटरचा ओढा लोकांसाठी खुला झाला. यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडतात त्यामुळे हा खरा ओढा नाही असं टीका करणारे म्हणतात आणि ते चूक नाहीत, पण उन्हाळ्यात संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर लोक दगडांवर बसून पाण्यात पाय सोडतात, हायवेच्या जागी. मला हा बदल फार मोठा वाटतो. बँकॉकमध्ये जुन्या तंबाखू कारखान्याच्या जागेवर बेंजाकिती फॉरेस्ट पार्क केलंय, २०२२ पासून पूर्ण खुलं आहे, पाणथळ जागेवरून वर चालायचे पूल आहेत. आणि हाँगकाँग म्हटलं की फक्त टॉवर आठवतात पण तिथली साधारण ४० टक्के जमीन कंट्री पार्क म्हणजे राखीव निसर्ग उद्यानांमध्ये आहे, बसने अर्ध्या तासात डोंगराच्या पायवाटेवर.

राहायला जाणार असाल तर घराचं गणित आधी समजून घ्या, कारण प्रत्येक शहराचं वेगळं आहे आणि पैसे इथेच अडकतात. टोकियोत डिपॉझिट वेगळं आणि 'रेइकिन' म्हणजे मालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम वेगळी, शिवाय जामीन राहणारी कंपनी पण लागते, काही घरांना रेइकिन नसतं, ती आधी शोधा. सोलमध्ये 'जन्से' पद्धतीत भाडं नाही पण सुरुवातीला प्रचंड रक्कम मालकाकडे ठेवायची जी शेवटी परत मिळते, आणि 'वल्से' म्हणजे डिपॉझिट अधिक महिन्याचं भाडं, नवख्याने वल्सेच घ्यावं, जन्सेची रक्कम बुडाल्याची बरीच प्रकरणं तिथे झालीत. सिंगापूरमध्ये देशातले बहुतेक लोक, पाचातले जवळपास चार, सरकारी एचडीबी घरात राहतात, बाहेरून आलेला माणूस त्यातच भाड्याने राहू शकतो आणि माझ्या मते कॉन्डो म्हणजे खासगी सोसायटीतल्या फ्लॅटपेक्षा तेच बरं, खाली दुकान, दवाखाना, हॉकर सेंटर, शेजारी खरे सिंगापूरवाले.

कचरा कसा उचलतात ते पण बघा, रोजचं आयुष्य त्यावर चालतं. तैपेईत कचरा जमिनीवर ठेवायचाच नाही असा नियम आहे. संध्याकाळी ठरलेल्या वेळी पिवळी गाडी संगीत वाजवत येते आणि अख्खी गल्ली ठरलेल्या निळ्या पिशव्या घेऊन खाली उतरते, पिशवी विकत घ्यावी लागते म्हणून लोक कचराच कमी करतात. नवीन माणसाची शेजाऱ्यांशी ओळख तिथेच होते. पण तुमची शिफ्ट त्याच वेळेची असेल तर बिल्डिंगमध्ये कचऱ्याची वेगळी सोय आहे का ते भाडेकरार करायच्या आधी विचारा.

आणि जाहिरातीतल्या मिनिटांवर जाऊ नका. जपानमध्ये 'स्टेशनपासून ८ मिनिटं' लिहिलेलं असतं ते ८० मीटरला एक मिनिट या हिशोबाने, सिग्नलला थांबायचा वेळ आणि चढ त्यात धरलेला नसतो. म्हणून सही करायच्या आधी कामाच्या दिवशी सकाळी त्या घराच्या दारातून निघा, चालत स्टेशनला जा, गर्दीच्या गाडीत चढा, बदली करा आणि ऑफिसच्या गेटपर्यंत जाऊन घड्याळ बघा, मग संध्याकाळी तोच रस्ता उलटा करा, जमलं तर पावसात.