पोरीला पहिलीत घालायचंय? मी तीन झेडपी शाळा अशा पारखल्या

आमच्या घरापासून चार किलोमीटरच्या आत जिल्हा परिषदेच्या तीन शाळा आहेत: गावातली द्विशिक्षकी, नाल्यापलीकडची, अन् डांबरी रस्त्यावरची मोठी. थोरल्याच्या वेळी मी रंगवलेल्या भिंती अन् भला मोठा टीव्ही पाहून भुललो. पोरगं तिसरीत गेलं तरी जोडाक्षर फुटेना, अन् टीव्हीवरचा कपडा निघालेला मी एकदाही पाहिला नाही. म्हणून धाकटीच्या वेळी गाडी काढली अन् तिन्ही शाळा स्वतः पाहून आलो.

जायचं तर फेब्रुवारीत. कापसाची वेचणी सरत आलेली असते, आपल्यालाही उसंत असते. पुढे ऊन तापलं की शाळा सकाळची होते, मग जेवणानंतर वर्गात काय चालतं ते पाहायलाच मिळत नाही. खरी शाळा दुपारीच कळते. 26 जानेवारीला पाहून ठरवू नका, त्या दिवशी सगळ्याच शाळा चांगल्या असतात.

निघण्याआधी मोबाइलवर यू-डायस, म्हणजे शाळेची सरकारी नोंद, काढून घ्या. प्रत्येक शाळेचा 11 आकडी क्रमांक असतो, बहुतेक ठिकाणी भिंतीवरही लिहिलेला असतो. पट, शिक्षक, संडास, सगळं त्यात मिळतं. पण ती माहिती मागच्या वर्षाची. शिक्षक बदलून गेला असेल तर ते तिथं जाऊनच कळणार. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. हा हिशेब डोक्यात ठेवूनच आत शिरा.

वर्गात गेल्यावर आधी फळ्याचा कोपरा पाहा. तारीख, पट, हजर असं तिथं लिहिलेलं असतं. एका शाळेत तारीखच चार दिवसांपूर्वीची होती. मग खिचडीच्या मावशीला सहज विचारा, "आज तांदूळ किती टाकला जी?" पाचवीपर्यंत पोरामागे 100 ग्रॅम कच्चा तांदूळ, सहावी ते आठवीला 150. चौथीपर्यंतच्या शाळेत चार किलो टाकला म्हणजे चाळीस पोरं. फळ्यावरचा आकडा अन् मावशीचा आकडा जुळला की समजा, हजेरी खरी आहे.

आता मुख्य गोष्ट, वाचन. सरांना विचारून तिसरीच्या दोन पोरांचं वाचन ऐका. कोणाचं ते आपण ठरवायचं. सर पुढं करतील तो पोरगा नको, मागं बसलेला घ्या. मी थोरल्याचं दुसरीचं बालभारती सोबत नेलं होतं. मोठ्या शाळेतल्या पोरानं धडा धडाधड वाचला. मला शंका आली, पानावर हात ठेवला. गडी थांबलाच नाही, पुढच्या दोन ओळी तशाच म्हणून मोकळा! पाठ होतं सगळं. तेव्हापासून पुस्तक घरीच. गाडीच्या डिक्कीत तुरीच्या बियाण्याची रिकामी पिशवी होती, पुढच्या शाळांत तीच पुढं केली. गावातल्या शाळेत एक बारकी पोरगी बोट ठेवून वाचत होती, "उ... ग... वण... उगवण, क्षम... क्षमता." मग मान वर करून म्हणाली, "म्हणजे काय जी?" अडखळली, पण फोडून वाचलं, अन् न कळलं ते विचारलं. मला तेवढं पुरलं. गणिताला 42 मधून 17 वजा करायला सांगा, हातचा घेता येतो की नाही ते दिसतं.

सेमी इंग्रजीचा बोर्ड पाहून घाई करू नका. गणित इंग्रजीतून कोण शिकवतं, अन् ते सर अजून किती वर्षं आहेत, हे विचारा. द्विशिक्षकी शाळेत आणखी एक विचारायचं: एक सर मीटिंगला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले तर चार वर्ग कोण सांभाळतं? "पोट्टे बसते गपचूप" असं उत्तर आलं तर काय ते समजा. आमच्याकडे मॅडमनं सांगितलं, तिसरी-चौथीची पोरं पहिलीवाल्यांचं वाचन घेतात. मी स्वतः पाहिलं, खरंच घेत होती.

रस्ता मात्र पावसाळ्याच्या हिशेबानं पाहा. नाल्यापलीकडची शाळा शिकवायला चांगली होती, खोटं नाही बोलणार. पण आपल्याकडे विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी, अन् लगेच नाला भरतो. सहा वर्षांची पोर तिथून कोण नेणार, अन् तेही पेरणीच्या दिवसांत? कायद्यातही पाचवीपर्यंतची शाळा एका किलोमीटरच्या आत असावी असं आहे.

गावातली शाळा चौथीपर्यंतच आहे, ही एक अडचण. पाचवीला रस्त्यावरच्या शाळेत जावं लागेल. तेव्हाचं तेव्हा पाहू. तोवर मी शाळा व्यवस्थापन समितीत जायचं ठरवलंय. तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांच्याच असतात, पण बैठकीला सहीपुरतेच येतात लोक.

अन् जन्मदाखला सापडत नाही म्हणून थांबू नका. त्यावाचून प्रवेश नाकारता येत नाही, नाव आधी टाकून घ्या.