बडा घर पोकळ वासा: कथेतली श्रीमंती कशी उभारावी आणि कुठून पोखरावी

कथा-कादंबरीतलं श्रीमंत घर बहुतेक वेळा एकाच कारणानं फसतं. लेखकानं ते रस्त्यावरून पाहिलेलं असतं, हिशेबाच्या वहीतून पाहिलेलं नसतं. झुंबरं येतात, संगमरवर येतो, दारात गाड्या उभ्या राहतात आणि शेवटच्या पानावर कळतं की सगळं कर्जात बुडालं होतं. तरी वाचक हलत नाही. देखावा टिकवायला रोज पैसा लागतो, आणि तो आजवर कुठून येत होता हे कथेलाच ठाऊक नसतं. म्हणून पहिलं वाक्य लिहिण्याआधी जमाखर्च मांडायचा.

आधी वही, मग वाडा

चलन कुठलंही असो, आकडे भागांत धरा. समजा, कुटुंबाची मालमत्ता १००० आहे: घर ७००, धंद्यातला हिस्सा २००, दागिने आणि चित्रं मिळून ८०, हातातली रोकड २०. घर आणि हिस्सा गहाण टाकून काढलेलं कर्ज ८२०. कागदावर हे लोक अजून १८०चे धनी आहेत. आता महिन्याचा हिशेब पाहा. मिळकत १०, घरखर्च ९, व्याज ६. दरमहा ५ची तूट, आणि रोकड २०. म्हणजे चार महिने. कथेची मुदत ठरली. तिसऱ्या महिन्यात घरात मोठा समारंभ ठेवला तर ताण आपोआप येतो, वेगळं वादळ आणावं लागत नाही.

आता वाचक विचारणार तो प्रश्न: मग घर विकत का नाहीत? याचं उत्तर ‘अहंकार’ एवढंच दिलंत तर पात्रं मूर्ख ठरतात. खरं उत्तर पुन्हा वहीतच आहे. घर विकायला काढलं की बातमी फुटते. बातमी फुटली की धनको एकदम दारात येतात, धंद्यातल्या २००च्या हिश्शाला कुणी १००हून जास्त देत नाही, आणि घाईत काढलेलं घर ६००ला जातं. बेरीज करा: ६००, १००, ८० आणि २० मिळून ८००. कर्ज ८२०. काल १८० शिल्लक असलेलं घर नुसत्या बातमीनं २०नं बुडालं. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण इथे निव्वळ हिशेब आहे. देखावा ही हौस राहत नाही, तीच शेवटची मालमत्ता असते. हे एकदा लेखकाला पटलं की पात्राचं खोटं बोलणं आपोआप माणसासारखं होतं.

वहीत आणखी एक रकाना ठेवा: कुणाला किती ठाऊक आहे. मालकाला ८२० ठाऊक, पत्नीला ५००, मुलाला काहीच नाही, हिशेबनिसाला ८३५, कारण मालक एक जुनी उसनवारी विसरलेले आहेत. संवादातला ताण या फरकांतून येतो.

अर्थात, प्रत्येक पोकळी कर्जाचीच असेल असं नाही. पैसा संपला पण थाट राहिला, ही एक तऱ्हा. पैसा आहे पण त्याचा उगम सांगण्याजोगा नाही, ही दुसरी. पैसा भरपूर आहे पण घरातली माणसं एकमेकांना घाबरून जगतात, ही तिसरी. तिन्ही एकाच कथेत कोंबू नका. पहिल्या तऱ्हेत वस्तू कमी होत जातात, दुसऱ्या तऱ्हेत प्रश्न टाळले जातात, तिसऱ्या तऱ्हेत दारं बंद होतात. पुरावे वेगवेगळे असल्यामुळे मिसळण केली की एकही नीट रुजत नाही. इथून पुढे मुख्यतः पहिल्या तऱ्हेबद्दल.

काटछाटीचा क्रम

पैसा आटू लागला की घर ठरावीक क्रमानं आटतं. आधी जातं ते कुणालाच न दिसणारं: विम्याचा हप्ता, मागच्या बाजूच्या छपराची डागडुजी, दंतवैद्याकडची फेरी. मग जातं ते नोकरांना दिसणारं: पगाराची तारीख, त्यांच्या जेवणाचा दर्जा, वरच्या मजल्यावरचे दिवे. त्यानंतर दुसऱ्यांदा आलेल्या पाहुण्याला कळेल असं काही, म्हणजे पाच नोकरांच्या जागी दोन, किंवा एक कायमची कुलूपबंद खोली. फाटक, बाग, गाडी आणि चारचौघांत दिली जाणारी बक्षिशी सर्वांत शेवटी. नवख्या लिखाणात हा क्रम हमखास उलटा होतो. फाटकाचा रंग पहिल्याच प्रकरणात उडालेला असतो, मग लपवायला उरतं काय?

विम्याच्या हप्त्याकडे विशेष लक्ष द्या. तो थकल्याचं कुणाला दिसत नाही, पण पुढे आग लागली किंवा चोरी झाली की तोच सगळं उघडं पाडतो. पहिल्या दहा पानांत न उघडलेलं एक पाकीट पुरेसं आहे.

वस्तूंना बोलू द्या, पण नेमकं

भिंतीवर चित्राच्या जागी उरलेला फिका चौकोन इतक्यांदा येऊन गेला आहे की आता तो टाळलेलाच बरा. त्याऐवजी वस्तूचा स्वभाव वापरा. चांदीचा मुलामा दिलेला चमचा आधी पाठीला झिजतो, जिथे तो टेबलावर टेकतो तिथे. ते पाहुण्याला दिसत नाही, भांडी पुसणाऱ्याला दिसतं. हिऱ्याच्या जागी बसवलेला क्युबिक झिरकोनिया हा कृत्रिम खडा त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड असतो. दुरून तो ओळखू येत नाही, पण वर्षानुवर्षं तीच कर्णफुलं घातलेल्या बाईला कानाच्या पाळीला भार जाणवू शकतो. मॉइसनाइट हा हिऱ्यासारखाच दिसणारा दुसरा खडा वापरलात तर उष्णतेवर चालणारं साधं परीक्षण यंत्रही त्याला हिरा म्हणू शकतं. भिंगाखाली मात्र त्याच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. म्हणजे कोणता खडा बसवायचा हे खोटेपणा कुणाच्या आणि केव्हा लक्षात यायला हवा यावर ठरवा.

खरी वस्तूसुद्धा पोकळी दाखवू शकते. फिट्झजेराल्ड यांच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीत (१९२५) धनाढ्य गॅट्सबीच्या ग्रंथालयात शिरलेला पाहुणा पुस्तकं खरी निघाली म्हणून थक्क होतो, आणि त्यांची पानं कापलेली नाहीत हेही त्याच्या लक्षात येतं. त्या काळी अनेक पुस्तकांच्या पानांच्या कडा जोडलेल्या असत आणि वाचण्याआधी त्या सुरीनं कापाव्या लागत. पुस्तकं अस्सल, वाचक मात्र कुणी नाही. नकली पुठ्ठ्यांपेक्षा हे कितीतरी खोल जातं.

कुणाच्या डोळ्यांनी

मालकाच्या मनात शिरून सांगणं सर्वांत सोपं, आणि म्हणून सर्वांत कमी कामाचं. हिशेबनीस, शिंपी, मोलकरीण, धाकटं मूल, थकलेलं बिल घेऊन आलेला दुकानदार, यांतला एक निवडा. निवडताना वहीकडे वळा: देखाव्याची किंमत शेवटी कोण भरतं? थॅकरे यांच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये (१८४७–४८) मिळकत नसताना ऐटीत राहणारं जोडपं ज्या घरात राहतं, ते रॅगल्स नावाच्या एका जुन्या बटलरचं आहे. भाडं थकतं, उधारी साचते आणि तो देशोधडीला लागतो. ऐट त्यांची, खर्च त्याचा. असं एक माणूस कथेत नसेल तर देखावा हवेत तरंगतो.

खूण तीनदा

भेद फुटण्याची खूण पहिल्यांदा ओझरती यावी, दुसऱ्यांदा कुणाच्या तरी नजरेत भरावी आणि तिचं पटण्याजोगं कारणही तिथेच मिळावं, तिसऱ्यांदा ती टाळता येऊ नये. तीन हजार शब्दांच्या कथेत पहिली चारशेच्या आत, दुसरी पंधराशेच्या आसपास, तिसरी अडीच हजारांनंतर. दुसऱ्या वेळचं कारण वाचकाला आवडणाऱ्या पात्राच्या तोंडून द्या. त्या माणसावर विश्वास असतो म्हणून वाचक फसतो, आणि नंतर चिडत नाही.

मोपासांच्या हिऱ्यांच्या हाराच्या कथेत (१८८४) हे फार कसबानं केलेलं आहे. हरवलेल्या हाराच्या जागी नवा विकत घेऊन परत दिला जातो, तेव्हा श्रीमंत मैत्रीण पेटी उघडूनही पाहत नाही. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. मूळ हार नकली होता हे कळल्यावर त्या न उघडलेल्या पेटीचा अर्थ पालटतो: जपण्यासारखं त्यात काही नव्हतंच. एकच कृती दोन वेळा वाचता आली पाहिजे.

भाषा

निवेदकानं डोळा मारू नये. ‘वरवर हसत असले तरी मालकांच्या मनात कर्जाचं काहूर माजलं होतं’ या वाक्यात वाचकाला करायला काही उरत नाही. हे पाहा:

‘पाहुण्यांना निरोप देऊन मालक आत आले. दिवाणखान्यातले दिवे त्यांनी एकेक करून स्वतःच मालवले. शेवटच्यासाठी खुर्ची ओढावी लागली. ती कुठे ठेवली की हात पोचतो, हे त्यांना पाठ होतं.’

नोकर उरलेले नाहीत आणि हे आजचं नाही, दोन्ही कळलं. कर्ज हा शब्द आला नाही.

संवादात मराठीची एक सोय फार उपयोगी पडते: करणाऱ्याचं नाव न घेता बोलता येतं. ‘पैसे पोचतील’, ‘होऊन जाईल’, ‘ते मार्गी लागलंय’. देणारा कोण, हे वाक्यातच नाही. अडचणीतल्या मालकाला कथाभर असंच बोलू द्या आणि अगदी निकराच्या क्षणी एकदाच त्याच्या तोंडून ‘मी देऊ शकत नाही’ येऊ द्या. तसंच संबोधनाचं. हिशेबनिसाला ‘तू’ म्हणणारे मालक ज्या दिवशी त्याच्याकडून उसने घेतात, त्या दिवशी न ठरवता ‘तुम्ही’ म्हणतात. कुणीही त्यावर बोट ठेवू नये, निवेदकानं तर मुळीच नाही.

हमखास बिघडणाऱ्या गोष्टी

ब्रँडच्या नावांची यादी दिली की श्रीमंती दिसत नाही, दुकान दिसतं. दोन वस्तू पुरेत, पण त्या कशा वापरल्या जातात ते दाखवा. चोरून ऐकलेलं बोलणं किंवा अचानक सापडलेलं पत्र यांवर सगळा भेद टांगला तर तीन खुणांची मेहनत वाया जाते. पत्र आणायचंच असेल तर वाचकाला आधीच आलेल्या संशयावर शिक्का मारण्यापुरतं आणा. सगळे श्रीमंत दुष्ट केले की शेवटी गोष्ट सूडाची होते. पोकळी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तेवढीच राहिली तरी कथा थिजते, म्हणून दर प्रकरणाच्या शेवटी वहीतली रोकड नव्यानं लिहा: २०, १५, १०. समारंभाच्या महिन्यात ती शून्याखाली गेली, तर तो पैसा कुणी दिला ते आधी ठरवा आणि मगच समारंभ लिहा.

भेद फुटल्यावर थांबू नका, त्यानंतरची सकाळ लिहा. फाटक कोण उघडतं, टपाल कोण घेतं, पत्नी ती कर्णफुलं घालते की पेटीतच ठेवते. चार महिन्यांचा पगार थकलेला माळी बागेला पाणी घालतो का, आणि घालत असेल तर कशाच्या आशेवर, याचं उत्तर वहीच्या त्या शेवटच्या, ‘कुणाला किती ठाऊक’ या रकान्यात असायला हवं.