जुनी केस अंगावर आहे? मग ती पुढाऱ्यासारखी सांभाळा

आपल्याकडं ऊसदराचा रस्ता रोको झाला की एकाच एफआयआरमध्ये दोघांची नावं येतात, माईक हातात असलेल्या नेत्याचं आणि मागं घोषणा देत उभारलेल्या पोराचं. कलमं तीच, तारीख तीच. पुढं नेता निवडणुकीला उभारला की फ्लेक्सवर छापतो 'शेतकऱ्यांसाठी केसेस अंगावर घेतलेला लढवय्या'. पोरगं मात्र ग्राउंड मारतं, लेखी काढतं, मेरिट लिस्टला नाव येतं आणि चारित्र्य पडताळणीत जाऊन अडकतं, आणि घरातले सगळे त्यालाच म्हणतात तुला कुणी सांगितलं होतं पुढं पुढं करायला.

मी कराडकडं फॉर्म भरून द्यायचं काम करतो त्यामुळं असली पोरं वरचेवर येतात. वकील नाही मी, हे आधीच सांगतो. पण एक गोष्ट बघून बघून कळलीय, पुढारी केसला घाबरत नाही आणि केस विसरत पण नाही. आपण उलटं करतो, आधी घाबरतो, मग तारखेला जायचं सोडतो, मग फॉर्मवर 'नाही' लिहून मोकळं होतो.

हा फरक कुठनं येतो ते थोडक्यात बघा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ८(३). २ वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर अपात्र, आणि सुटल्यावर अजून ६ वर्षं. (काही ठराविक गुन्ह्यांना कमी शिक्षेवर पण अपात्रता आहे, ते सोडा.) म्हणजे नेत्याला कायदा विचारतो तो निकाल लागल्यावर. नुसती केस चालू असेल, चार्जशीट असेल, अगदी जेलमध्ये असेल तरी उभारता येतं. गंमत म्हणजे जेलमधल्या माणसाला (प्रतिबंधात्मक स्थानबद्धता सोडून) कलम ६२(५) नुसार मत देता येत नाही, पण २०२४ ला अमृतपाल सिंग दिब्रुगडच्या आणि इंजिनिअर रशीद तिहारच्या जेलमधनं खासदार म्हणून निवडून आले. तुम्हाला मात्र एफआयआरमध्ये नाव पडलं त्या दिवसापासून प्रश्न चालू. सरकारी नोकर ४८ तासांच्या वर कोठडीत राहिला की महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणं निलंबित झाला असंच धरतात. नवाब मलिकांना फेब्रुवारी २०२२ मध्ये अटक झाली, ते सरकार पडेपर्यंत मंत्री राहिले, खाती तेवढी दुसऱ्यांकडं दिली. ३० दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचं पद जावं असं विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत आलं आणि समितीकडं गेलं, ४८ तास कुठं आणि ३० दिवस कुठं.

आता कामाचं.

पहिलं काम म्हणजे आपल्यावर नक्की काय आहे ते कागदावर बघा. "माझ्यावर केस हाय" असं पोरं म्हणतात आणि विचारलं तर कळतं एनसी होती, किंवा चॅप्टर केस होती, किंवा नुसतं ठाण्यात बसवून सोडलं होतं. ह्या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एनसी म्हणजे अदखलपात्र, कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास पण करू शकत नाहीत. चॅप्टर केस म्हणजे शांतता राखायचा बाँड, ती शिक्षा नाही, पण काही फॉर्ममध्ये बाँडबद्दल वेगळा प्रश्न असतो. एफआयआर असेल तर गुन्हा रजिस्टर नंबर, साल, पोलीस ठाणं, कलमं. चार्जशीट गेली असेल तर कोर्टातला केस नंबर आणि १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, तो ईकोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख दिसते. नावानं शोधलं तर जरा सावध, आपल्याकडं जाधव-पाटील-मोरे इतके आहेत की दुसऱ्याचीच केस तुमची वाटायची, आणि कंपनीचं बॅकग्राउंड चेक करणारा माणूस पण असाच नावानं शोधतो. तसं झालंच तर त्या केसच्या कागदावरचं वडिलांचं नाव आणि पत्ता दाखवून वेगळा माणूस आहे हे लेखी द्या. १ जुलै २०२४ पासून कलमांचे नंबर बदललेत, जुन्या आयपीसीचं ३५३ (सरकारी नोकरावर हल्ला) म्हणजे आता बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) १३२, जुनं १८८ (सरकारी आदेश मोडणं) म्हणजे २२३. तुमची घटना त्याआधीची असेल तर जुनंच कलम लिहायचं.

उमेदवाराला हे सगळं फॉर्म २६ च्या शपथपत्रात द्यावं लागतं, प्रत्येक केसचा नंबर, कोर्ट, कलम. त्याच्या वकिलाकडं ती यादी तयारच असते. तुमच्याकडं पण एक फाईल पाहिजे.

दुसरं, आणि ह्यावर मी सगळ्यात जास्त बोलतो. साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीसाठी भरून द्यायचा फॉर्म, नीट वाचा. त्यात अटक झाली होती का, खटला चालला का, बाँड घेतला का, दंड झाला का, केस प्रलंबित आहे का असे सुटे सुटे प्रश्न असतात आणि वर स्पष्ट लिहिलेलं असतं की खोटी माहिती दिली किंवा लपवली तर अपात्र. पोरं काय करतात, केस मिटली म्हणून सगळीकडं 'नाही' मारतात. मग पडताळणीत पोलीस स्टेशनच्या रेकॉर्डला नाव निघतं आणि मूळ गुन्हा राहतो बाजूला, लपवलं म्हणून नोकरी जाते. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे त्याची प्रिंट काढून ठेवा. तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ होतं. त्यात म्हटलंय की तरुण वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ केस असेल तर ती लपवली तरी मालक दुर्लक्ष करू शकतो, किरकोळ केस प्रलंबित आहे आणि खरं सांगितलं तर निकालाच्या अधीन राहून घेता येतं, आणि जे स्पष्ट विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून लपवलं असं धरता येत नाही. पण त्यातच हे पण आहे की खरं सांगितलं तरी घ्यायलाच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि बऱ्याच केसेस लपवल्या तर तेवढ्यावरच नोकरी जाऊ शकते. म्हणजे 'करू शकतो' हा शब्द साहेबाच्या हातात. तरी पण लपवण्यापेक्षा सांगितलेलं बरं. २०११ चा संदीप कुमारचा निकाल पण जोडा, दिल्ली पोलिसात हेड कॉन्स्टेबल व्हायला निघालेल्या पोरानं मारामारीची तडजोड झालेली केस सांगितली नव्हती, कोर्टानं म्हटलं तरुण वयातली चूक आयुष्यभर लावून धरू नका.

आणि शपथपत्रात खोटं लिहिलं तर उमेदवाराला काय? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५अ, जास्तीत जास्त ६ महिने किंवा दंड किंवा दोन्ही. आता ८(३) ला २ वर्षं लागतात ते आठवा आणि हिशेब तुम्हीच करा. निवडणूक याचिका करून निवड रद्द करता येते, पण ती निकालापासून ४५ दिवसांत दाखल करायची, त्यानंतर वाट बघणं आहेच.

ज्यांना मिलिटरीत जायचंय त्यांनी तर आंदोलनापासनं जपूनच. आपल्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे, घराघरातनं पोरं फौजेत. जून २०२२ ला अग्निपथवरनं देशभर जाळपोळ झाली तेव्हा सैन्यानं सांगून टाकलं की आपण त्या आंदोलनात नव्हतो असं लेखी द्यावं लागेल आणि पोलीस पडताळणी शंभर टक्के होईल.

आता एक मोठा खड्डा. कोर्टात तारखेला गेलं की कुणीतरी हळूच सांगतं, "गुन्हा कबूल कर, दंड भर, सुटलास." पाचशे-हजारात विषय मिटतो म्हणून पोरं हो म्हणतात. अरे बाबांनो, तो निकाल 'दोषी' असा लागलेला असतो. पुढं प्रत्येक फॉर्मवर "शिक्षा झाली आहे का" ला 'होय' लिहायचं. एवढं स्वस्तात कबूल करणारा पुढारी मला तरी अजून दिसला नाही. दोष सिद्धच होत असेल तर वकिलाला प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट १९५८ खाली अर्ज करायला सांगा. कलम ३ खाली समज देऊन किंवा कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीवर सोडलं तर कलम १२ म्हणतं की दोषी ठरल्यामुळं येणारी अपात्रता लागत नाही. दोष पुसला जात नाही, विचारलं तर सांगायचं, पण फरक पडतो. आणि घटनेच्या वेळी वय १८ च्या आत असेल तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ वेगळं संरक्षण देतं, हे खूप जणांना माहितीच नसतं (१६ ते १८ मध्ये अतिगंभीर गुन्हा असेल तर वेगळं).

केस बंद करायचे रस्ते. भाऊबंदकीतली मारामारी, बांधावरचं भांडण असलं तडजोडपात्र असेल तर दोघांनी मिळून अर्ज द्या, राष्ट्रीय लोकअदालतीत पण मिटतं. तडजोडपात्र नसेल पण खाजगी स्वरूपाचं असेल तर हायकोर्टात रद्द करायला जायचं, आधी त्यासाठी मुंबई गाठायला लागायची, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच चालू झालंय आणि सातारा सांगली दोन्ही त्यातच येतात, सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

आंदोलनाची केस असेल तर सरकारनं खटला मागं घ्यायचा रस्ता आहे. राजकीय-सामाजिक आंदोलनातले खटले काढून घ्यायचे शासन निर्णय वेळोवेळी निघतात, जीवितहानी नसावी, मालमत्तेचं नुकसान ठराविक रकमेच्या आत असावं अशा अटी असतात आणि कट-ऑफ तारीख पुढं सरकत राहते. २०२० च्या लॉकडाऊनमधल्या १८८ च्या केसेसचं पण असंच झालं. इथं एक मजेशीर गोष्ट, १० ऑगस्ट २०२१ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आजी-माजी आमदार-खासदारांचे खटले हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागं घ्यायचे नाहीत. म्हणजे ह्या एका बाबतीत तुमचं सोपं आहे, त्यांचं अवघड! पण होतं काय, नेत्याच्या मागं पळायला माणसं असतात आणि तुमचा अर्ज कुणी करतच नाही. तर त्याच नेत्याच्या ऑफिसात जा, म्हणा दादा, आपण एकाच एफआयआरमध्ये आहोत, यादी पाठवाल तेव्हा माझं नाव पण घाला. लाजू नका, त्याच्यासाठीच उभारला होता. आणि सरकारनं ठरवलं म्हणजे केस संपली असं नाही, सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज देऊन कोर्टानं हो म्हणावं लागतं. तो कोर्टाचा आदेश हातात पाहिजे, पेपरातली बातमी चालत नाही.

ज्यांना नोकरी आहे आणि खालच्या कोर्टात शिक्षा झालीय त्यांच्यासाठी. अपिलात नुसती शिक्षेला स्थगिती घेऊन भागत नाही, दोषी ठरवण्यालाच स्थगिती मागा, नाहीतर घटनेच्या ३११(२)(अ) प्रमाणं चौकशीशिवाय बडतर्फ करता येतं. माणिकराव कोकाटेंना २० फेब्रुवारी २०२५ ला नाशिकच्या कोर्टानं १९९५ च्या सरकारी कोट्यातल्या सदनिकांच्या प्रकरणात २ वर्षं शिक्षा दिली, मार्चमध्ये सत्र न्यायालयाची स्थगिती आली, मंत्रिपद टिकलं, डिसेंबरला शिक्षा कायम झाली तेव्हा ते सोडावं लागलं. नवज्योत सिद्धूला २००७ मध्ये निवडणूक लढवायची होती म्हणून सुप्रीम कोर्टानं दोषी ठरवण्याला स्थगिती दिली होती. आणि लाच घेतलेल्या सरकारी नोकराला अशी स्थगिती देऊ नये असं के. सी. सरीन प्रकरणात २००१ मध्ये त्याच कोर्टानं म्हटलंय. कायदा कधीच चावत नाही असं पण नाही, सुनील केदारांना डिसेंबर २०२३ मध्ये ५ वर्षं शिक्षा झाली आणि लगेच आमदारकी गेली. २०२४ ला सावनेरमधनं तिकीट पत्नीला मिळालं (पडल्या त्या). कारकुनाच्या बायकोला कोण टेबल देतंय.

पासपोर्ट अडला तर घाबरू नका. केस चालू आहे म्हणून पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) खाली नाकारतात, पण २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणं ज्या कोर्टात केस आहे तिथनं परवानगी आणली तर मिळतो, कोर्टानं मुदत लिहिली नाही तर एक वर्षाचा. म्हणून अर्जातच दहा वर्षांची मुदत मागा. राहुल गांधींना पण खासदारकी गेल्यावर मे २०२३ मध्ये साध्या पासपोर्टसाठी दिल्लीच्या कोर्टातनं एनओसी आणावी लागली, ३ वर्षांची मिळाली.

निर्दोष सुटलात तर निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकला जास्तीच्या घ्या आणि एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, कारण तिथलं रेकॉर्ड आपोआप अपडेट होईलच असं नाही. निकालात 'संशयाचा फायदा' लिहिलंय का पुरावाच नाही असं लिहिलंय ते वकिलाकडनं वाचून घ्या, पोलीस भरतीवाले ह्याच ओळीवर अडवतात. नेत्याला कुणी विचारत नाही, तो गुलाल उधळतो.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. निवडणूक आयोगाच्या शपथपत्राच्या साईटवर आपल्या मतदारसंघातल्या आमदाराचं शपथपत्र काढा. एडीआर ह्या उमेदवारांची शपथपत्रं तपासणाऱ्या संस्थेच्या हिशेबानं २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी २५१ जणांनी, आणि आपल्या विधानसभेत तपासलेल्या २८६ पैकी १८७ जणांनी स्वतःवर केसेस असल्याचं लिहून दिलंय. पक्षाला पण २०२० पासून केस असलेलाच उमेदवार का दिला ह्याचं कारण छापावं लागतं, आणि निवडून येतो हे एकटं कारण चालत नाही असं कोर्टानं बजावलंय. ती कारणं आवर्जून वाचा, आणि जमलं तर साक्षांकन नमुन्यातल्या शेरा रकान्यात आपण काय लिहायचं त्याचा मसुदा करायला घ्या, भाषा चांगली असते त्यांची.