समुपदेशकाने आपल्या घराण्याचा धांडोळा कसा घ्यावा

सांस्कृतिक विनम्रता ही संकल्पना मेलनी टर्वलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ मध्ये मांडली. समोरच्या समाजाविषयी आपल्याला पुरेसे कळले असे कधीच न मानता स्वतःला आयुष्यभर तपासत राहणे, हा तिचा गाभा आहे. महाराष्ट्रातील समुपदेशकाने ही तपासणी आपल्या आडनावापासून सुरू करावी, कारण पहिल्याच भेटीत समोरच्या व्यक्तीने ते ऐकून काही अंदाज बांधलेले असतात आणि आपणही तिच्या आडनावावरून तेच केलेले असते.

सुरुवात कागदपत्रांपासून नव्हे, तर घरातील वृद्धांपासून करावी. निदान तीन पिढ्यांचा कुटुंबवृक्ष काढताना जन्म, विवाह, आजार आणि मृत्यू यांच्यासोबत जमीन, शिक्षण आणि गावातील घराची जागा यांचीही नोंद ठेवावी. घर वेशीच्या आत होते की बाहेर, पाणी कोणत्या विहिरीचे होते, घरात कोणाला कुठपर्यंत प्रवेश होता आणि कोणाची कपबशी वेगळी ठेवलेली असे, हे प्रश्न थेट विचारावेत. ते आत्या, मावशी आणि आजी यांना आवर्जून विचारावेत. घरातील पुरुष बहुधा पराक्रम सांगतात, स्वयंपाकघर आणि उंबरठा यांचे नियम मात्र ते पाळणाऱ्या बायकांनाच आठवतात.

त्यानंतर कागद पाहावेत. गावचा सातबारा आणि जुने फेरफार तलाठी किंवा तहसील कार्यालयातून मिळवता येतात, पण त्याआधीचे दस्त मोडीत असल्यास जाणकार वाचकाची मदत घ्यावी लागते. १९४८ च्या कूळ कायद्यानुसार, दुरुस्तीनंतर, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. त्या काळातील एखादा फेरफार एका घरात ‘आमची जमीन कुळात गेली’ म्हणून सांगितला जातो, तर दुसऱ्या घरात तोच ‘आजोबांच्या नावावर जमीन झाली’ म्हणून. आपल्या घराने यांपैकी कोणते वाक्य जपले आहे ते लिहून ठेवावे आणि मग त्याच नोंदीतील दुसरे नाव कोणाचे आहे ते शोधावे. माझ्या मते संपूर्ण धांडोळ्यातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि बहुतेक जण नेमका तोच टाळून त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांतून दहा-बारा पिढ्यांची नावे उतरवून आणण्यात समाधान मानतात.

ज्यांच्या पूर्वजांची अशी नोंदच कोणी ठेवली नाही, त्यांचा मार्ग वेगळा असतो. महार वतनाचे कागद, शाळेचे जुने जनरल रजिस्टर, १९५६ च्या धम्मदीक्षेच्या घरातील आठवणी आणि जात्यावरच्या ओव्या यांतून बरेच हाती लागते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आलेल्या समाजांच्या बाबतीत मात्र सरकारी कागद पूर्वजांना गुन्हेगार म्हणूनच ओळखतो, त्यामुळे तो एकट्याने वाचू नये. अशा समुपदेशकाने हा शोध सहकाऱ्यांच्या शिक्षणासाठी खुला करावा, अशी अपेक्षा कोणीही धरू नये.

जे सापडेल ते सत्रात सांगायचे नसते. आपल्या पूर्वजांच्या वर्तनाबद्दलची शरम समोरच्या व्यक्तीपुढे मांडली की तिला आपलेच सांत्वन करावे लागते. त्यासाठी डायरी आहे आणि सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी समुपदेशकासोबत आपल्या कामाचा आढावा घेणे, आहे. सत्रात लक्ष ठेवायचे ते स्वतःच्या प्रतिक्रियेवर. जमीनदाराने आजोबांना कसे राबवले हे कोणी सांगत असताना ‘सगळेच तसे नव्हते’ हे वाक्य ओठांवर आले, तर ते आपल्या घरातील कोणाचे आहे हे आता ओळखता येते. ते गिळून ‘तुमच्या घरात ही गोष्ट कोण सांगायचे, आणि कशी?’ एवढेच विचारावे, आणि उत्तराला लागेल तितका वेळ द्यावा.