गोल्फ कोर्स रंगवताय? मग या चुका टाळा

आमच्या पुण्यातल्या रविवारच्या वर्गात दर वर्षी कुणी ना कुणी गोल्फ कोर्सचा फोटो घेऊन येतंच. कुणाच्या सासऱ्यांची साठी असते, कुणाचे साहेब निवृत्त होणार असतात. भेट म्हणून अमेरिकेतलं ऑगस्टा, स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज नाहीतर कॅलिफोर्नियातलं पेबल बीच, अशा नामांकित कोर्सचं चित्र हवं असतं. "सोपंय हो, सगळं हिरवंच तर आहे," असं म्हणत बसतात आणि तिसऱ्या रविवारी तोंड पाडून येतात.

सॅप ग्रीनची ट्यूब

पहिली चूक हीच. तयार हिरव्याची ही ट्यूब पिळायची आणि खालचा अर्धा कॅनव्हास सारवून टाकायचा. दिसतं काय, तर बिलियर्डचं टेबल.

अहो, तिथलं गवत एका उंचीचं नसतं. ग्रीनवरचं, म्हणजे चेंडू घालायच्या खळग्याभोवतीचं, जेमतेम काही मिलिमीटर; फेअरवेचं, म्हणजे तिथवर नेणाऱ्या कापलेल्या वाटेचं, जरा जास्त; कडेचं रफ तर मोकाटच. उंची बदलली की उजेड झेलायची तऱ्हा बदलते. शिवाय गाव कुठलं तेही बघायला हवं. ऑगस्टाच्या फेअरवेवर मूळचं बर्म्युडा गवत थंडीत पिवळं पडतं, म्हणून आधीच वरून राय गवत पेरतात. एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धेच्या वेळी दिसतो तो या रायचा गार, गडद हिरवा. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स समुद्राकाठच्या वाळूवर आहे, तिथे बारीक फेस्क्यू गवत. कोरड्या उन्हाळ्यात ते पेंढ्याच्या रंगावर जातं. २०२२ साली १५०वी ओपन स्पर्धा तिथे झाली, तेव्हाचे फोटो काढून बघा, हिरव्यापेक्षा खाकी जास्त. तरी आमची मंडळी सेंट अँड्र्यूजला ऑगस्टाचा रंग फासतात आणि वर विचारतात, "सर, काहीतरी चुकतंय का?"

माझ्या पॅलेटवर तयार हिरवा नसतोच. अल्ट्रामरीन, लेमन यलो, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, एवढ्यावर भागतं. आधी तीन ढीग करायचे : उन्हातलं गवत, सावलीतलं गवत, लांबचं गवत. लांबच्यात थोडा पांढरा आणि नखभर लाल. हे ढीग झाल्याशिवाय मी ब्रशला हात लावत नाही. यात अर्धा तास जातो, आणि नेमका तोच अर्धा तास कुणाला द्यायचा नसतो.

पट्टे

ही चूक माझी स्वतःची, म्हणून सविस्तर सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवृत्त अधिकाऱ्यांनी ऑगस्टाच्या तेराव्या होलचं, म्हणजे कोर्सच्या अठरा टप्प्यांपैकी तेराव्याचं, चित्र सांगितलं. त्या होलचं नावच 'अझेलिया'. ऑगस्टाच्या जागेवर पूर्वी रोपवाटिका होती आणि तिथल्या प्रत्येक होलला झाडाचं किंवा फुलाचं नाव आहे. तेरावा डावीकडे वळतो, ग्रीनच्या पुढ्यात ओहोळ, मागे अझेलियाची झुडपं आणि त्यामागे पाइन. लिंडा हार्टो या चित्रकर्तीला क्लबने १९८४ मध्ये हाच होल रंगवायला सांगितला होता आणि तिथूनच तिचं गोल्फच्या निसर्गचित्रांत नाव झालं. म्हणजे विषय जड. मी दोन महिने घेतले. फुलं झकास आली, पाण्यातलं प्रतिबिंबही जमलं. फेअरवे मात्र मला रिकामा वाटायला लागला. मग क्रिकेटच्या मैदानावर असतात तसे फिकट-गडद पट्टे मी मनानेच ओढून दिले. चित्राला खोली आली, मी खूश.

साहेब आले. चष्मा कपाळावर सरकवून जवळ गेले, मग लांब गेले. "फुलं अगदी तीच हो," म्हणाले. मग जरा थांबून, "पण हे पट्टे कुठून आणलेत?"

मी काहीतरी बोललो. ते शांतपणे म्हणाले, "मी तिथे उभा राहून आलोय. तिथे फेअरवे एकाच दिशेने कापतात, ग्रीनकडून टीकडे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेकडे. पट्टे पडतच नाहीत."

कारण साधं आहे. पात्यं आपल्यापासून पलीकडे वाकलेलं असेल तर उजेड परतवतं आणि फिकट दिसतं, आपल्याकडे वाकलेलं असेल तर गडद. यंत्र जाऊन-येऊन फिरलं की पट्टे पडतात. ऑगस्टाला सगळी पाती टीकडे, म्हणजे बघणाऱ्याकडेच झुकलेली. म्हणून तो फेअरवे एकसंध, मखमली, गडद. मला जो रिकामा वाटला तीच त्या जागेची ओळख होती. रंग वाळून कडक झाला होता. नाइफने खरवडला, पॉलिश पेपर मारला, पुन्हा चढवला. चार दिवस गेले, वर फ्रेमवाल्याची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

तेव्हापासून फोटोत जे नाही ते मी घालत नाही. रिकामं वाटलं तर जमिनीचा उंचसखलपणा शोधतो. ऑगस्टाची जमीन टीव्हीवर सपाट वाटते, प्रत्यक्षात चांगलीच चढउताराची आहे. तो चढ सावलीच्या कडेतून दाखवायचा.

केवढं ते केवढं

सेंट अँड्र्यूजच्या अठराव्या होलवरचा स्विलकन पूल सगळ्यांना काढायचा असतो. तो आहे सुमारे ३० फूट लांब, ८ फूट रुंद. ओढ्यावरची दगडी साकवच म्हणा. एका विद्यार्थ्याने तो असा रंगवला की खालून होडी जावी, जणू खडकीचा होळकर पूल. मोबाइलच्या रुंद लेन्सने जवळून काढलेला फोटो होता, तो प्रोजेक्टरवर टाकून गडी गिरवून मोकळा झाला. पूल राक्षसी आणि मागची क्लबहाउसची इमारत काडेपेटीएवढी. प्रोजेक्टरशी माझं वैर नाही, पण फोटोतली खोट तो इमानाने कॅनव्हासवर उतरवतो.

माझं माप म्हणजे झेंडी. तिची काठी साधारण सात फुटांची असते. ती आधी पेन्सिलीने उभी करतो आणि बाकी सगळं तिच्याशी ताडून बघतो.

बंकर

बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, हा नुसता पांढरा डाग नव्हे. ऑगस्टाची वाळू खरोखर पांढरीशुभ्र असते, नॉर्थ कॅरोलिनातल्या खाणींमधून येणारी क्वार्ट्झची. तरी सावलीत ती निळसर-जांभळीच रंगवा, शुद्ध पांढरा फक्त उन्हातल्या काठाला. ओल्ड कोर्सच्या बंकरची भिंत गवताच्या चौकोनी ढेकळांचे थर रचून केलेली असते, जवळजवळ उभी. ते आडवे थर दिसले नाहीत तर तो नुसता खड्डा.

बाकीच्या, भराभर

भर दुपारचा फोटो घेऊ नका. लिंक्सची, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवरच्या कोर्सची, जमीन बारीक उंचवट्यांची, ते फक्त तिरप्या उन्हात उठतात. स्कॉटलंडमध्ये जूनचा सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा तिरप्या उन्हाचे फोटो हवे तेवढे मिळतात.

पेबल बीचचा सातवा होल जेमतेम शंभर यार्डांचा, पण वारा भन्नाट. झेंडी एकीकडे आणि लाटांचे तुषार दुसरीकडे उडवू नका.

अझेलियाचा गुलाबी ट्यूबमधून थेट लावला की लग्नाचा मंडप होतो. आधी मळका करा.

खेळाडू काढायचाच तर पाठमोरा आणि लहान. चेहरा जमत नाही हे मान्य करा.

क्लबचं बोधचिन्ह परवानगीशिवाय रंगवून प्रिंट विकू नका.

तैलरंगावर सहा महिने व्हार्निश नको. भेट द्यायचा दिवस आधी येतो, हे ठाऊक आहे. मग विषय आधी घ्यायचा होता.

त्या साहेबांच्या दिवाणखान्यात माझं तेरावं होल अजून टांगलेलं आहे. मध्यंतरी गेलो होतो. तैलरंग वर्षानुवर्षांनी थोडा पारदर्शक होतो, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात फेअरवेच्या मधोमध एक फिकट पट्टा हळूच वर आलेला दिसतो. त्यांच्याही नजरेला तो पडला असणार. चहा देताना त्यांनी मला मुद्दाम त्या भिंतीकडे पाठ असलेल्या खुर्चीत बसवलं.